नगरपित्याचें काम कोणतें?

संध्याकाळीं जुईनगरच्या स्थानकाच्या बाजूनें फेरफटका करण्याचा आमचा जुना परिपाठ आहे. या फेरफटक्यांत पुष्कळदां शेजारच्या इमारतींत राहणारे एक तरुण गृहस्थ आमच्याबरोबर असतात. ते एके काळीं आमच्या वर्गांत बसत. आतां एका पेढीवर मोठ्या हुद्द्यावर आहेत. आणि विद्यार्थिदशेंत जे प्रश्न विचारावयास ते भीत असत, ते आतां निर्भयपणें विचारतात. एके दिवशीं ते म्हणाले, "सर, पांच वर्षांहून अधिक काळ आपल्या नगराला महापौर नव्हता, नगरसेवक नव्हते. तरी नळाला पाणी येत होतें, कचरा उचलला जात होता, रस्त्यांवर दिवे लागत होते. मग महापौर नव्हता म्हणून आपलें अडलें काय?"

आम्हीं उत्तर देण्यासाठीं तोंड उघडलें आणि मिटलें. उत्तर सुचलें नाहीं एवढेंच नव्हे, तर त्याहून लज्जास्पद अशी एक गोष्ट त्या क्षणीं आमच्या ध्यानांत आली. महापौर नाहीं हें इतक्या वर्षांत आम्हांस कधीं जाणवलेंच नव्हतें. आम्ही घरपट्टी वेळेवर भरीत होतों, वर्तमानपत्र वाचीत होतों, व्याख्यानांतून लोकशाहीची महतीही गात होतों. आणि आमच्या स्वतःच्या गांवची लोकसभा रिकामी पडली आहे याची आम्हांस दाद नव्हती!

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. १७ मार्च १९७० रोजीं सिडको या मंडळाची स्थापना झाली आणि ठाणें व कुलाबा (आतांचा रायगड) या जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या जमिनींवर नवें नगर उभारावयाचें ठरलें. त्यांतील कांहीं भागासाठीं नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ पासून अस्तित्वांत आली. परंतु तिची पहिली निवडणूक १९९५ सालीं झाली. म्हणजे जन्मापासूनच आमच्या नगरास लोकप्रतिनिधींवांचून चालण्याची संवय! पुढें मे २०२० मध्यें निवडलेल्या सभागृहाची मुदत संपली. आधीं महामारी, मग प्रभागांची रचना आणि आरक्षणाचे वाद, यांत निवडणूक लांबत गेली व सर्व कारभार प्रशासकाच्या हातीं राहिला. मुंबई शहराचीही मार्च २०२२ पासून तीच गत झाली. मुदत संपण्यापूर्वीं निवडणूक पुरी व्हावी असें घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनें सांगितलें आहे. पण तिचा हा शब्द वर्षामागून वर्षें तसाच पडून राहिला, आणि आमच्यासारख्या सुशिक्षितांच्या झोपेंत त्यामुळें कांहीं व्यत्यय आला नाहीं.

आतां त्या तरुणाचा प्रश्न त्याच्या पुऱ्या बळानिशीं मांडला पाहिजे. कारभार चांगला चालणें हेंच जर कारभाराचें प्रयोजन, तर तो निवडलेल्या माणसानें चालविला कीं नेमलेल्या, याला महत्त्व कां द्यावें? हा प्रश्न नवा नाहीं. खाडीपलीकडच्या मुंबईंत तो १८७१ सालींच विचारला गेला होता, आणि त्याला ज्या पुरुषानें उत्तर दिलें, त्याचें चरित्र आज पुन्हां डोळ्यांपुढें आणण्यासारखें आहे. तो पुरुष म्हणजे फिरोजशहा मेहता.

१८६५ च्या कायद्यानें मुंबईच्या पालिकेचा सर्व अंमल एका कमिशनराच्या हातीं देण्यांत आला होता. त्याच्यावर देखरेख करावयाची ती 'जस्टिस ऑफ द पीस' या मंडळींनीं; आणि ही मंडळी सरकारनें नेमलेली. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हे मोठे धडाडीचे गृहस्थ होते. कापसाच्या तेजींत फुगलेली आणि १८६५ च्या मंदींत कोसळलेली मुंबई तेव्हां घाणीनें व रोगराईनें ग्रासलेली होती. क्रॉफर्डसाहेबांनीं गटारें साफ करविलीं, रस्ते रुंद केले, बाजार सुधारला. त्यांच्या नांवाची मंडई १८६९ मध्यें उभी राहिली. शहराचें आरोग्य सुधारलें हें त्यांच्या शत्रूंनाही नाकारतां आलें नाहीं. पण हें सारें करतांना त्यांनीं मंजूर रकमेची पर्वा केली नाहीं. पालिका कर्जांत बुडाली, करांची वसुली कठोर झाली, आणि करदाते खवळून उठले. क्रॉफर्ड नको, कमिशनरही नको, त्याचे अधिकार काढून एखाद्या समितीच्या हातीं द्या, अशी ओरड झाली.

या वेळीं फिरोजशहांचें वय अवघें सव्वीस वर्षांचें होतें. ४ ऑगस्ट १८४५ रोजीं मुंबईंतील एका पारशी व्यापाऱ्याच्या घरीं त्यांचा जन्म झाला. एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकून ते विलायतेस गेले, तेथें दादाभाई नौरोजींच्या सहवासांत राहिले आणि १८६८ सालीं बॅरिस्टर होऊन परत आले. लोकप्रिय व्हावयाचें असतें तर त्यांना मार्ग मोकळा होता. चार शिव्या क्रॉफर्डला घालावयाच्या, कीं टाळ्या मिळाल्याच! परंतु त्यांनीं सभेंत निबंध वाचला तो भलताच. क्रॉफर्डनें केलेलें काम मोठें आहे, असें त्यांनीं आधीं कबूल केलें. कामें करणारा हात एकच असावा, कारण दहा हातांत काम दिलें कीं दोष कोणाचाच राहत नाहीं, असें ते पुढें म्हणाले. मग चूक कोठें झाली? तर त्या हाताला जाब विचारणारे लोक सरकारनें नेमलेले होते, आणि ज्यांच्या खिशांतून पैसा जात होता त्यांच्याशीं त्यांचें कांहीं देणेंघेणें नव्हतें, येथें. यासाठीं करणारा बदलूं नका, विचारणारे बदला. ते करदात्यांनीं निवडूं द्या. श्रोत्यांस हें रुचलें नाहीं. त्यांनीं आरडाओरड करून सभा गाजविली. पण १८७२ च्या कायद्यानें जी पालिका आली, तिच्या ६४ सभासदांपैकीं ३२ करदात्यांनीं निवडावयाचे होते. १८८८ चा कायदा, ज्याच्या घडणींत फिरोजशहांचा मोठा वांटा होता, त्यानें सभासद ७२ केले आणि करदात्यांचे प्रतिनिधि ३६. हाच कायदा मुंबईच्या कारभाराचा आजही पाया आहे. आणि १९४९ सालच्या ज्या कायद्यानें आमचें नगर चालतें, त्यांतही आयुक्तानें करावयाचें व सभागृहानें विचारावयाचें, ही तीच मांडणी आहे.

फिरोजशहांचें पुढील सारें नागरिक जीवन म्हणजे या एका विचाराचा चाळीस वर्षांचा अभ्यास होय. १८८४ व १८८५ अशीं लागोपाठ दोन वर्षें, मग १९०५ सालीं, मग १९११ सालीं ते पालिकेचे अध्यक्ष झाले. 'मेयर' ही पदवी मुंबईच्या अध्यक्षास १९३१ पासून मिळाली. म्हणजे ज्या पुरुषास आपण मुंबईचा सर्वांत मोठा नगरपिता म्हणतों, तो महापौर कधीं नव्हताच! आणि अध्यक्षाच्या हातीं तरी काय होतें? एक रस्ता बांधण्याचा अधिकार नव्हता, एक शिपाई नेमण्याचा नव्हता. आपल्या शेकडों कामांतून वेळ काढून अंदाजपत्रकाचे आंकडे वाचणें, सभेंत उभें राहणें आणि विचारणें, एवढेंच त्यांचें सामर्थ्य होतें. पोलिसांचा खर्च शहरानें सोसावा कीं सरकारनें, या एका वादाचा त्यांनीं वर्षानुवर्षें पिच्छा पुरविला. अखेर १९०७ सालीं तो बोजा सरकारनें घेतला आणि प्राथमिक शिक्षणासारखीं कामें पालिकेकडे आलीं. पोलिसाचा पैसा शाळेकडे वळला, तो विचारण्याच्या चिकाटीनें.

येथें आमच्या वाचकांपैकीं कांहींजण भिंवया चढवितील. महाराष्ट्रांत फिरोजशहांचें नांव निघालें कीं १९०७ ची सुरत आठवते, आणि टिळकपक्षाचा जुना राग अजून पुरता निवालेला नाहीं. शिवाय ते स्वतः थोडे कां हुकूमशहा होते? मुंबईच्या सभागृहांत त्यांच्या शब्दाबाहेर जाण्याची छाती थोड्यांची होती. त्यांना निवडणारे करदाते म्हणजे शहरांतील मूठभर सधन लोक. गिरणींत राबणाऱ्या मजुरास तेथें मत कसलें? हे आक्षेप खरे आहेत, आणि आम्ही ते झांकूं इच्छीत नाहीं. परंतु एक प्रसंग या आक्षेपांच्या शेजारीं ठेवावा. त्याच १९०७ सालीं सरकारी अधिकारी व त्यांचे मित्र यांनीं कट करून त्यांस पालिकेबाहेर काढण्याचा घाट घातला. जस्टिस मंडळींनीं सोळा सभासद निवडावयाचे होते. फिरोजशहा सतरावे आले. चाळीस वर्षांचा सिंह एका मतमोजणींत पडला! पुढें निवडून आलेल्यांपैकीं एकजण अपात्र ठरला व ते परत आले, ही गोष्ट वेगळी. आमच्या दृष्टीनें महत्त्वाचें हें, कीं त्यांस पाडतां आलें. क्रॉफर्डला पाडण्याचा असा कोणताही मार्ग करदात्यांपाशीं नव्हता. त्यांना फक्त ओरडतां येत होतें. ज्याला पाडतां येतें त्याची सत्ता कितीही मोठी असो, ती उसनी असते, आणि उसनें आणणाऱ्यास आपण उसनें आणलें आहे याचें भान ठेवावें लागतें.

क्रॉफर्डसाहेबांचा उत्तरभागही येथें सांगितला पाहिजे. १८८८ सालीं, पुण्याकडे कमिशनर असतां, त्यांच्यावर लांच घेतल्याचे आरोप आले. चौकशींत लांचेचा आरोप शाबीत धरला गेला नाहीं. पण हाताखालच्या लोकांकडून कर्जें घेतल्याबद्दल त्यांची नोकरी गेली, आणि ज्या मामलेदारांनीं पैसे दिल्याचें कबूल केलें त्यांचा कैवार टिळकांस घ्यावा लागला. कर्तबगार माणसावर विश्वास टाकून आपण झोपीं जावें, या मताच्या लोकांनीं या कथेचा विचार करावा. मुंबई सुधारणारा क्रॉफर्ड आणि पुण्याचा क्रॉफर्ड हे दोन पुरुष नव्हते.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. आमचे तरुण मित्र म्हणतील, नगरसेवक होते तेव्हां त्यांनीं तरी काय दिवे लावले? आणि अमेरिकेकडे बोट दाखवून ते असेंही म्हणतील, कीं जेथें महापौर स्वतःच करणारा असतो आणि लोकच त्याला निवडतात, तेथें काय झालें तें पाहा. बॉस्टन शहराचा जेम्स मायकेल कर्ली हा चार वेळां त्या नगराचा महापौर झाला. पहिल्यानें १९१४ सालीं, शेवटीं १९४६ सालीं. तरुणपणीं दुसऱ्याच्या नांवावर सरकारी नोकरीची परीक्षा दिल्याबद्दल त्याला तुरुंगवास झाला. तुरुंगांत असतांनाच तो निवडून आला! एका मित्राच्या उपयोगी पडण्यासाठीं केलें, यांत वाईट काय, असें त्याच्या मतदारांस वाटलें. गरीब आयरिश वस्त्यांसाठीं त्यानें दवाखाने, बागा, समुद्रकिनारे केले. शहराचे कर वाढले. आणि १९४७ सालीं महापौर असतांनाच टपालाच्या द्वारें फसवणूक केल्याबद्दल तो पुन्हां तुरुंगांत गेला. तेथून सुटून तो परत खुर्चीवर येऊन बसला. अखेर १९४९ च्या निवडणुकींत बॉस्टनकरांनीं त्याला घरीं बसविलें.

या कथेचा बोध काय? लोकांनीं निवडलें म्हणजे सर्व मिळालें असें नव्हे, हा एक. क्रॉफर्डच्या मुंबईंत करणारा होता, पण लोकांचा विचारणारा नव्हता. कर्लीच्या बॉस्टनमध्यें करणारा लोकांचा इतका लाडका झाला, कीं विचारणें लोकांस कृतघ्नपणाचें वाटूं लागलें. उपकाराच्या ओझ्याखालीं प्रश्न दडपला गेला. असल्या अनुभवांनीं पोळलेल्या कित्येक अमेरिकन शहरांनीं पुढें निवडलेलें मंडळ वेगळें व नेमलेला 'सिटी मॅनेजर' वेगळा अशी व्यवस्था पत्करली. डेटन या शहरानें ती पुराच्या संकटानंतर १९१४ सालीं आणली. फिरोजशहांनीं सव्विसाव्या वर्षीं ज्या विभागणीसाठीं शिव्या खाल्ल्या, तिच्याजवळ ते लोक चाळीस वर्षांनीं आले. तेव्हां नगरपित्याचें खरें काम करणें हें नव्हे, देणें हेंही नव्हे. लोकांच्या वतीनें विचारणें हें आहे.

विचारणाऱ्याचें मोल किती असतें याचें उदाहरण आम्हांस आमच्या महाराष्ट्रांतच आहे. जोतीराव फुले हे पुण्याच्या नगरपालिकेचे नेमलेले सभासद होते. लॉर्ड लिटन यांच्या आगमनानिमित्त शहर शृंगारण्यासाठीं पालिकेचा पैसा खर्चण्याचा ठराव आला. विरुद्ध मत पडलें तें एकट्या जोतीरावांचें. पुण्यांत मोठी मंडई बांधावयाची ठरली, तेव्हांही तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे जावा म्हणून त्यांनीं विरोध केला. ठराव अडला नाहीं, मंडईही अडली नाहीं. आणि काळाची गंमत अशी, कीं आज पुण्याच्या त्याच मंडईस महात्मा फुल्यांचें नांव आहे, आणि मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटासही! बांधणाऱ्याचें नांव पुसून विचारणाऱ्याचें नांव लोकांनीं दारावर कोरलें. मात्र तेवढ्यानें आपण फुशारून जाऊं नये. नांव देणें सोपें असतें, सभेंत एकट्यानें हात वर करणें कठीण.

इतका विचार करूनही आमचें पुरतें समाधान झालें नव्हतें, कारण मुळांतला प्रश्न, "आपलें अडलें काय?" हा तसाच उभा होता. त्याचें उत्तर पुस्तकांत नव्हतें. तें आमच्या स्वयंपाकघरांत मिळालें. आमच्या घरीं काम करणाऱ्या बाई एके सकाळीं उशिरा आल्या. मुलाच्या शाळेसाठीं त्यांना राहत्या जागेबद्दल कोणाचें तरी पत्र हवें होतें. पूर्वीं असें पत्र नगरसेवक देत असत. त्या आमच्या पत्नीस म्हणाल्या, "काकू, पूर्वी निदान एक दार ठाऊक होतं. आता कुणाच्या दारात जायचं?"

आम्ही चपापलों. आपलें कांहीं अडलें नाहीं हें खरें. पण 'आपलें' म्हणजे कोणाचें? आम्हांस अर्ज लिहितां येतो, तोही इंग्रजींत. ओळखीचा वकील आहे, जुना विद्यार्थी कोठें ना कोठें अधिकारी आहे. ज्याला अर्ज लिहितां येतो त्याला नगरसेवकाची उणीव भासत नाहीं. ती भासते गांवठाणांतल्या शेतकऱ्याच्या नातवाला, ज्याच्या आजोबांच्या भातशेतीवर आमची इमारत उभी आहे; ती भासते झोपडींत राहणाऱ्या बाईला, जिच्यापाशीं मताखेरीज दुसरें कसलेंही चलन नाहीं. पांच वर्षांतून एकदां तिच्या दारीं कोणीतरी हात जोडून येतो, म्हणूनच उरलेल्या दिवसांत तिला त्याच्या दारीं जातां येतें. तो नगरसेवक आळशी असेल, लोभीही असेल. पण त्याला तिची गरज आहे. प्रशासक सज्जन असेल, कार्यक्षम असेल. त्याला ती नसली तरी चालतें. त्यानें दिलें तर तें दया होते. हक्क होत नाहीं.

खाणावळींत जेवण कधीं कधीं घरच्यापेक्षां चांगलें मिळतें. मीठ कमी पडलें तर तेथें तक्रारही करतां येते. परंतु उद्यां काय शिजवावें, कोणाच्या पथ्यासाठीं काय टाळावें, पैसा पुरत नाहीं तर कोणी किती कमी खावें, याचा विचार घरांतच होतो. आणि भात करपला तर दोषही घरच्यांनाच घ्यावा लागतो. आम्ही मध्यमवर्गीयांनीं नगराची खाणावळ केली, आणि वेळेवर ताट आलें म्हणून ढेंकर दिली. ताट वाढण्याच्या रांगेंत शेवटीं कोण उभें आहे, हें आम्हीं वळून पाहिलें नाहीं.

परवांच्या फेरफटक्यांत आम्हीं हें सारें त्या तरुण मित्रास सांगितलें. ते कांहीं वेळ गप्प चालले. मग म्हणाले, "म्हणजे सर, अडलें होतें, फक्त आपल्याला दिसलें नाहीं." आम्ही म्हणालों, "होय. आणि दिसलें नाहीं ही आपली सोय होती." ५ नोव्हेंबर १९१५ रोजीं फिरोजशहा वारले, त्यांचा पुतळा मुंबईच्या पालिकेच्या दारासमोर उभा आहे. त्यांनीं नगराला दिलेल्या देणगीची मोजदाद कोठल्या इमारतींत होणार नाहीं. भरल्या सभेंत एका माणसानें उभें राहून 'हा पैसा कोठें गेला?' असें विचारावें, आणि सत्ताधाऱ्यास बसल्या जागीं उत्तर द्यावें लागावें, ही ती देणगी. ती निवडणुकीनें मिळते, पण नुसत्या निवडणुकीनें टिकत नाहीं. आमच्यापुरतें आम्हीं एवढें ठरविलें आहे, कीं आमच्या प्रभागाचा प्रतिनिधि कोण, हें यापुढें आम्हांस तोंडपाठ असावें, आणि बाईंच्या पत्रासाठीं त्याच्या दारीं त्यांच्याबरोबर आपण स्वतः जावें. पन्नाशी उलटल्यावर नागरिकशास्त्राचा हा पहिला धडा गिरवावयास घेणें थोडें लाजिरवाणें आहे खरें. परंतु न गिरवितां मरणें त्याहून अधिक लाजिरवाणें होईल.